सरदश्त: एक्सरे स्वच्छ, श्वास कोंडलेला

मस्टर्ड गॅस म्हणतात खरे, पण तो मुळात तेलकट द्रव. १४ अंशांखाली गोठतो, उन्हात हळूहळू उडतो, आणि त्याची वाफ हवेच्या पाचपटीहून जड. २८ जून १९८७ रोजी इराकी विमानांनी इराणमधल्या सरदश्त या कुर्दी शहरावर त्याचे बॉम्ब टाकले. बॉम्ब पडला की तळघर गाठायचे, ही इराण-इराक युद्धाने लावलेली सवय. जड वाफ नेमकी तिथेच उतरते.

मस्टर्ड काही मिनिटांत पेशींतल्या डीएनएला चिकटतो. चुरचुर आणि फोड मात्र काही तासांनी. तोवर माणूस त्याच कपड्यांत फिरतो, आणि त्याला उचलणाऱ्यांनाही बाधा होते. उतारा नाही. कपडे उतरवणे, डोळ्यांत भरपूर पाणी मारणे, अंग साबणाने धुणे, एवढेच हाती. तेही पहिल्या काही मिनिटांत.

डोळ्यांचे दुखणे कधी दशकांनी उलटते, कारण बुबुळाच्या कडेच्या मूळ पेशी मेलेल्या असतात. दिवसातून अनेकदा घालायचे थेंब प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले हवेत, नाहीतर औषधच टोचते.

फुप्फुसांचे प्रकरण जास्त फसवे. सर्वांत बारीक श्वासनलिका व्रणाने आकसतात. हवा आत जाते, पण पुरती बाहेर येत नाही. एक्सरे स्वच्छ, फुंकर मारायची चाचणीही कधी ठीकठाक. श्वास भरून काढलेल्या सीटीतही हे निसटते. पूर्ण श्वास सोडायला लावून एचआरसीटी, म्हणजे बारीक तपशील दाखवणारा सीटी स्कॅन, काढला, तरच अडकलेली हवा काळ्या डागांत दिसते.

आता जबाबदारीचे. या वायूचा कच्चा माल इराकला विकणारा डच व्यापारी फ्रान्स व्हान आनरात २००५ मध्ये हेगमध्ये दोषी ठरला. १५ वर्षांची शिक्षा अपिलात १७ झाली. हा अपवाद. १९९७ पासून लागू असलेला रासायनिक शस्त्रबंदी करार साठे किलोपर्यंत मोजतो, पण जुन्या रुग्णाचा ऑक्सिजन कोणी भरायचा, यावर कोणालाही बांधत नाही. पीडितांसाठीचा निधी आहे, तो देणाऱ्याच्या मर्जीवर.

इराणमध्ये सवलती अपंगत्वाच्या टक्केवारीवर ठरतात. त्या दिवशी ज्याचे डोळे नुसते लाल झाले, जो इस्पितळात गेलाच नाही, त्याने आज कुठला कागद दाखवायचा? अशांसाठी तपासणीच्या चिठ्ठीवर ‘श्वास सोडून’ हे दोन शब्द लिहिलेले असणे फार मोलाचे आहे.