जिन्यामागचा वारा

"चार."

हेडफोनमध्ये पायलटचा एवढाच शब्द आला. चेतक हेलिकॉप्टर नुकतंच जहाजाच्या डेकवर टेकलं होतं, त्याला डेकशी बांधणारी लॅशिंगची पोरं वाकून त्याच्याकडे धावत होती, आणि मी वहीच्या शेवटच्या रकान्यात 3 लिहायला पेन टेकवलं होतं. वर हँगरच्या, म्हणजे हेलिकॉप्टर ठेवायच्या खोलीच्या, माथ्यावरच्या काचेच्या केबिनमधून मला ते उतरणं चांगलं वाटलं होतं. थोडं डुचमळलं, पण चांगलं. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर: "चार. लिहून घे."

मी नौदलात फ्लाइट टेस्ट इंजिनीअर होतो. जन्म बडोद्याचा, दांडिया बाजारातला. आता निवृत्त होऊन त्याच घरात राहतो. इंजिनीअरिंग झाल्यावर नौदल, आणि पुढे बंगळुरूला वायुसेनेच्या टेस्ट पायलट स्कूलमध्ये शिक्षण. नातेवाईक विचारत, तू नेमकं काय करतोस, तेव्हा मी सांगायचो की जहाजावर हेलिकॉप्टर कुठल्या वाऱ्यात उतरवायचं आणि कुठल्या वाऱ्यात नाही, याचा तक्ता बनवतो. "त्यात काय एवढं?" हा प्रश्न ठरलेला. त्याचंच उत्तर आज लिहितो आहे.

हा तक्ता जहाजाचा नसतो आणि हेलिकॉप्टरचाही नसतो, त्या दोघांच्या जोडीचा असतो. तेच चेतक दुसऱ्या जहाजावर न्या, सगळं पुन्हा तपासावं लागतं, कारण हँगरचा आकार बदलला की त्याच्या मागची हवा बदलते. कागदावर तो एक गोल दिसतो. वर जहाजाचं नाक, भोवती वाऱ्याच्या दिशेचे अंश आणि मध्यापासून बाहेर वाऱ्याचा वेग. गोलात एक बंद रेघ काढलेली असते. वारा रेघेच्या आत असेल तर उतरा, बाहेर असेल तर जहाज वळवा किंवा वेग बदला. दिवसाची रेघ वेगळी आणि रात्रीची वेगळी. जहाज किती अंश डोलत असताना चालेल, तेही सोबत लिहिलेलं असतं.

यातला वारा म्हणजे डेकवर लागणारा वारा. त्यात खरा वारा आणि जहाजाच्या धावण्याने तयार होणारा वारा असे दोन्ही मिसळलेले असतात. त्या दिवशी जहाज 20 नॉटने चाललं होतं आणि खरा वारा बरोबर डाव्या कुशीवर 15 नॉटचा होता. शाळेतला 3-4-5 चा त्रिकोण आठवा: डेकवर 25 नॉट, नाकापासून डावीकडे सुमारे 37 अंशांतून. म्हणजे ताशी 46 किलोमीटर. निसर्गाकडून वारा मागून मिळत नाही. मिळालेल्या वाऱ्यात जहाज फिरवून, वेग कमीजास्त करून हवा तो बिंदू जुळवून आणायचा. एकेका बिंदूसाठी अर्धा अर्धा तास नुसतं समुद्रात वळत राहायचं.

आणि पायरी सोडायची नाही. आधी जमिनीवर, मग समुद्रात. समोरचा सौम्य वारा, मग थोडा जास्त, मग थोडा तिरपा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रत्येक उतरण्यानंतर पायलट 1 ते 5 मधला एक आकडा सांगतो. 1 म्हणजे फारसे कष्ट नाहीत. 3 म्हणजे बरेच कष्ट, पण ताफ्यातला साधारण पायलट हे दर वेळी करू शकेल. 4 म्हणजे नाही करू शकणार. टेस्ट पायलटने स्वतः ते सहज केलेलं असलं तरी त्याने विचार करायचा तो त्या दुसऱ्याचा: सहा महिन्यांपूर्वी शिक्षण संपलेला, रात्री दोन वाजता, तीन तास उडून थकलेला, इंधन कमी असलेला. रेघ 3 आणि 4 च्या मधून जाते.

तर, चार.

माझ्याकडचे सगळे आकडे मात्र तीनच्या बाजूने होते. टॉर्क, म्हणजे पंखा फिरवायला लागणारा जोर, मर्यादेत. चेतकचा मोठा पंखा वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो, त्यामुळे डावीकडून वारा आला की शेपटीचा पंखा जास्त राबतो आणि पायलटचा उजवा पाय पुढे पुढे जातो. आमची भीती त्या पायाचीच होती. पण पेडलचा दहा टक्क्यांहून जास्त प्रवास शिल्लक होता, म्हणजे तेही नियमात. मग दुसरा पायलट गेला. तोच वारा, तेच वजन. तो उतरला आणि म्हणाला, "तीन. कष्ट आहेत, पण तीन."

रात्री वॉर्डरूममध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत, दोन तास खल झाला. जहाजाचे कॅप्टन शांत माणूस, पण त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. युद्धात हेलिकॉप्टर परत घ्यायला दर वेळी जहाज वाऱ्यात वळवणं म्हणजे मार्ग सोडणं, आणि या तक्त्यातला प्रत्येक अंश म्हणजे त्यांचं तेवढं स्वातंत्र्य. मला ते पटत होतं, आजही पटतं. दोघांत एक तीन म्हणतो, यंत्रं तीन म्हणतात, मग अडवता कशाला? एकाने तर साडेतीन धरा असंही सुचवलं. पहिला पायलट सबंध वेळ गप्प होता. शेवटी मला एवढंच म्हणाला, "कशामुळे ते मला सांगता येत नाही रे. उतरायच्या वर्तुळाच्या वर थांबलो, आणि कुणीतरी उजवीकडून पाट काढून घेतल्यासारखं झालं."

त्याला कारण सांगता येईना आणि मला ते आकड्यांत सापडेना. निर्णय पुढच्या फेरीवर टाकला. जहाज इंधन-रसद घ्यायला मुंबईला लागलं आणि मला चार दिवसांची सुट्टी मिळाली. रात्रीच्या गाडीने बडोद्याला आलो. दुसऱ्या दिवशी उत्तरायण.

बडोद्यात 14 जानेवारीला खाली रस्त्यावर कुणी नसतं, सगळं गाव अगाशीवर. आमच्या मराठी घरात सकाळी तिळगूळ, दुपारी गुळाची पोळी, आणि शेजारच्या पटेलांकडून भिंतीवरून आलेला उंधियो. चहूकडून "लपेट, लपेट" असा ओरडा. माझा नऊ वर्षांचा पुतण्या पतंग चढवत होता, आणि तो दर वेळी एकाच जागी गोता खाऊन भिंतीवर आपटत होता. बाबा खुर्चीवरून म्हणाले, "अरे, जिन्यामागे नको उभा राहूस. तिथला वारा खोटा असतो." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलेलं. जिन्यावरची ती चौकोनी खोली, तिच्या आडोशाला पतंग चढत नाही, हे बडोद्याच्या पोराला शिकवावं लागत नाही.

त्या दिवशी मात्र मी ते वाक्य ऐकून तिथेच थांबलो. जिन्याची खोली म्हणजे एक ठोकळा, तिच्यामागे सपाट अगाशी. हँगर आणि डेक, दुसरं काय?

पतंगाच्या शेपटीचा पातळ कागद होता. त्याच्या हातभर लांब पट्ट्या कापल्या, झाडूच्या दांड्याच्या टोकाला एक बांधली आणि पुतण्याला म्हटलं, चल. खोलीच्या कोपऱ्यापासून एकेक पाऊल बाजूला सरकत गेलो. मोकळ्या बाजूला पट्टी ताठ, आडवी, फडफडत होती. एक पाऊल आत, तरी ताठ. आणखी एक पाऊल, आणि पट्टी लोंबली, गरकन वळली आणि उलटी, खोलीच्या भिंतीकडेच बोट दाखवू लागली. पुतण्या खडूने खुणा करत होता: ताठ तिथे रेघ, वेडी तिथे फुली. अर्ध्या तासात फरशीवर एक तिरपी सीमा उमटली. कोपऱ्यातून निघून वाऱ्याच्या दिशेने, अगाशीच्या मधोमध. एका पावलाच्या अंतरात खरा वारा आणि खोटा वारा. बाबा उठून पाहायला आले. खडूच्या रेघेवर त्यांनी चपलेचं टोक ठेवलं आणि म्हणाले, "हे मला माहीत होतं, पण इतकं सरळ असेल असं वाटलं नव्हतं."

मी आत जाऊन कागदावर गणित मांडलं. डेकचं वर्तुळ हँगरच्या दारापासून साधारण 10 मीटर मागे. वारा 37 अंशांतून. हँगरच्या डाव्या कोपऱ्यातून तशीच तिरपी रेघ काढली तर 10 मीटर मागे ती डाव्या कडेपासून साडेसात मीटर आत येते. म्हणजे जवळपास वर्तुळावर. चेतकच्या पंख्याचा व्यास 11 मीटर. वर्तुळावर थांबलेल्या हेलिकॉप्टरचा अर्धा पंखा खऱ्या वाऱ्यात आणि अर्धा खोट्या वाऱ्यात. उजवीकडचा पाट काढून घेतल्यासारखं होणार नाही तर काय!

सुट्टी संपवून जहाजावर गेलो तेव्हा माझ्या बॅगेत निळ्या कापडी फितीचं रीळ होतं, मंगळबाजारातून घेतलेलं. कॅप्टनना सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, हेलिकॉप्टर नसताना करणार ना? अर्थात. डेकवर सुटी वस्तू म्हणजे आमच्याकडे पापच. एक फीत पंख्यात किंवा इंजिनात गेली तर संपलं. दुपारी उत्तरेचा वारा सुटल्यावर जहाज त्याच बिंदूवर आणलं. काठ्यांना 24 फिती लावल्या, माणूसभर उंचीवर, ओळीने. फ्लाइट डेक ऑफिसर आणि त्याची माणसं काठ्या धरून उभी राहिली. वर केबिनमधून मी पाहत होतो. डावीकडच्या फिती कंगव्याने विंचरल्यासारख्या एका दिशेला. मग तिरपी रेघ, आणि तिच्या पलीकडे प्रत्येक फीत आपल्या मनाची, काही चक्क हँगरकडे. रेघ वर्तुळाच्या मधून जात होती. जहाज डोललं की ती रेघही दीड-दोन हात इकडून तिकडे सरकत होती. हे मात्र अगाशीवर दिसलं नव्हतं.

तरी एक कोडं उरलंच होतं. दुसऱ्याने तीन का म्हटलं? दोन्ही उतरण्यांची रेकॉर्डिंग शेजारी शेजारी ठेवून पाहिली तेव्हा इतकी साधी गोष्ट आपल्याला आधी दिसली नाही याची मला लाज वाटली. पहिला वर्तुळावर आठ सेकंद थांबला होता. डेक डोलतं तेव्हा पायलट उसंत शोधतो. दोन मोठ्या हेलकाव्यांनंतर काही क्षण जहाज स्थिर होतं, तेव्हा खाली बसायचं. दुसऱ्याला नशिबाने येताक्षणीच उसंत मिळाली, तो दोन सेकंदांत खाली आला होता. त्या हवेत तो थांबलाच नव्हता. आणि रात्रीचा, नवखा पायलट कोण? थांबणारा.

मी दुसऱ्या पायलटला हे दाखवलं. तो चांगला पायलट होता, आणि त्याहून चांगली गोष्ट म्हणजे त्याला राग आला नाही. म्हणाला, "उद्या मी मुद्दाम थांबतो."

24 फिती लावल्या होत्या. 24 मोजून परत घेतल्या, पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली, मगच डेक मोकळं झाल्याचा इशारा दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच वारा जुळायला तीन वळणं लागली. चेतक डाव्या अंगाने आलं, बाजूला स्थिरावलं, सरकत वर्तुळावर आलं. थांबलं. मी मोठ्याने सेकंद मोजत होतो. चौथ्या सेकंदाला उजवी बाजू खचली, त्याने सावरली, नाक डावीकडे गेलं, पेडलची रेघ पडद्यावर वर-खाली नाचली. पुन्हा खचली. सातव्या सेकंदाला तो बाजूला निघून गेला, मोकळ्या हवेत, आणि फेरी मारून पुन्हा आला. या वेळी न थांबता उतरला. लॅशिंग लागली, पंखा थांबला.

हेडफोनमध्ये बराच वेळ काही नाही. मग श्वास. मग, "चार. थांबलो तर चार."

वहीत आधीच्या तीनवर मी काट मारली नाही. शेजारी कारण लिहिलं, खाली नवा आकडा लिहिला. संध्याकाळी तक्त्यावर 30 ते 45 अंशांच्या मध्ये, 20 नॉटपाशी, रेघ आत वळवली. कॅप्टन मागे उभे राहून पाहत होते. त्यांनी त्या खळग्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "आणि उजव्या कोपऱ्याचं?"

दुसऱ्या दिवशी जहाज उलट्या दिशेला वळवलं, आणि आम्ही पिशवीची गाठ सोडली.