मोरजीच्या भिंतीवरची ‘नववी लाट’

गोव्यातल्या मोरजीत रशियन पर्यटकांची वर्दळ. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या एका रेस्टॉरंटच्या मालकाने रशियन चित्रकार आयवाझोव्स्कीचं ‘नववी लाट’ हे समुद्रचित्र भिंतीवर हवंय म्हटलं, तेव्हा नवल वाटलं नाही. धडकी मात्र भरली. १८५० सालचं मूळ चित्र सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये आहे, २२१ बाय ३३२ सेंटिमीटर. म्हणजे सव्वासात फूट उंच, जवळजवळ ११ फूट लांब. मालकाची भिंतही साधारण तेवढीच.

लोणा खरवडून, प्रायमर मारून, चौकटी पाडून आकाश आधीच उरकलं होतं. त्या दिवशी लाट घेतली. तिच्यातून ऊन आरपार येतं, सगळी गंमत तिथेच आहे. आयवाझोव्स्की तैलरंगाचे पातळ थर चढवायचा. माझा अ‍ॅक्रिलिक ब्रश धुवेपर्यंत सुकतो. शेवटी खाली पिवळसर पांढरा ठेवला आणि वर पाणीदार हिरवा फडक्याने टिपत टिपत बसवला.

दुपारी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून दोघे मच्छीमार सावलीला आले. म्हाताऱ्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “ल्हार अशी फुटली म्हणल्यार देग लागीं आसा.” लाट अशी फुटली म्हणजे किनारा जवळ आहे. खरंच आहे. भर दर्यात लाटेचा माथा फुटतो, पण अशी कमान होऊन कोसळायला पाणी उथळ लागतं. आयवाझोव्स्की फिओदोसिया बंदरात वाढलेला, रशियन नौदलाचा चित्रकार. त्याला हे ठाऊक नसेल? पण हलतं पाणी समोर बसून रंगवता येत नाही असं तो मानायचा, स्टुडिओत आठवणीने रंगवायचा. ती कमान त्याने किनाऱ्यावरून उचलली असावी, असं आपलं मला वाटतं. मी तिला हात लावला नाही. ती काढून टाकली तर चित्रातल्या खालच्या माणसांवर कोसळणार काय?

मोडक्या डोलकाठीला बिलगलेल्या त्या माणसांपैकी एकाने काठी बोटांनी आवळलीय असं मी काढलं होतं. म्हाताऱ्याने माझ्या शिडीची पायरी काखेत धरून दाखवली. पाण्यात वेळ गेला की बोटं मिटत नाहीत, मग माणूस असा लटकतो. त्याची होडी एकदा उलटली होती, हे बरोबरच्या पोराने सांगितलं. तो स्वतः नाही बोलला.

हातावर पांढरा मारून मी तो पुन्हा काढला, काठीभोवती कोपरात वळवून. मूळ चित्राशी तेवढी बेइमानी केली. संध्याकाळी मालकाने मोबाईलवरच्या फोटोशी सगळं ताडून पाहिलं, आकाश जरा गडद करायला सांगितलं. हाताबद्दल काही बोलला नाही.