क्रॅश टेंडरच्या मागच्या सीटपासून पुढच्या सीटपर्यंत

विमानतळाच्या अग्निशमन सेवेत यायची इच्छा असणारी मुलं-मुली भेटली की पहिला प्रश्न हुद्द्यांचा असतो. नावं देशागणिक बदलतात, पण क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच: फायर फायटर, ड्रायव्हर-ऑपरेटर, क्रू कमांडर, शिफ्ट इनचार्ज आणि वर स्टेशनप्रमुख. मी सध्या क्रू कमांडर आहे. इथवर येताना काय काय शिकावं लागलं ते सांगते, कारण नुसत्या हुद्द्यांच्या यादीवरून कामाचा अंदाज येत नाही.

भरतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. धावणं, वजन उचलणं, शिडी चढणं, अंधाऱ्या अरुंद जागेतून सरपटत बाहेर येणं आणि कडक वैद्यकीय तपासणी. दमसास असेल तर निभावतं. खरं शिक्षण त्यानंतर सुरू होतं आणि सुरुवातीलाच एक समजूत मोडून निघते. आमचं पहिलं काम आग विझवणं नाही, माणसांची बाहेर पडायची वाट मोकळी ठेवणं हे आहे. १९८५ मध्ये मँचेस्टरला टेकऑफसाठी धावणाऱ्या विमानाचं इंजिन फुटलं आणि आग लागली. विमान जमिनीवरच थांबलं होतं, तरी ५५ जण गेले, त्यातले बहुतेक धुरामुळे. प्रशिक्षणात या घटनेचा अभ्यास केला आणि मिनिटांच्या जागी सेकंद मोजायची सवय लागली.

फायर फायटर क्रॅश टेंडरच्या, म्हणजे विमान अपघातासाठीच्या अग्निशमन गाडीच्या, मागच्या सीटवर बसतो. शिफ्ट सुरू झाली की आधी बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायचं पाठीवरचं उपकरण: सिलिंडरचं प्रेशर, हवा संपत आल्याची शिट्टी, मग मास्क. मास्क चढवायचा, नळीच्या तोंडावर तळहात दाबायचा आणि श्वास आत ओढायचा. मास्क चेहऱ्याला चिकटून बसला तर सील ठीक. केसांची एक बट आत राहिली तरी हवा शिरते. मग होज, ब्रांच (होजच्या टोकाचं नोझल), शिड्या, कापायची हायड्रॉलिक अवजारं. उरलेल्या वेळात विमानांचा अभ्यास: कुठलं दार बाहेरून कसं उघडतं, बॅटरी कुठे, इंधनाच्या टाक्या कुठे, चालू इंजिनापासून किती लांब राहायचं. हे सगळं पाठ असावंच लागतं. धुरात कोणी पुस्तक उघडत नाही.

स्टीअरिंग हातात आलं आणि माझी दृष्टीच बदलली. आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, नियमांप्रमाणे, हवा आणि रस्ता चांगला असताना, चालू धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोहोचून फोम सुरू करता आला पाहिजे, आणि उद्दिष्ट दोन मिनिटांचं ठेवायचं. साडेचार हजार लिटरपेक्षा जास्त पाण्याच्या टेंडरने ४० सेकंदांत ताशी ८० किलोमीटरचा वेग गाठावा, असा निकष आहे. म्हणून पुष्कळांना वाटतं, ड्रायव्हर म्हणजे जोरात गाडी हाकणारा. पण सायरन चालू असला तरी टॉवरच्या परवानगीशिवाय धावपट्टीवर चाक घालायचं नाही, आणि मिळालेली परवानगी रेडिओवर जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. रात्री, पावसात, नुसत्या ग्रिड नकाशावरच्या आकड्यावरून योग्य वळण घेता यावं लागतं.

आणि मॉनिटर! गाडीच्या टपावरची ही तोफ चालवणं हे या पायरीवरचं सगळ्यात नाजूक काम. विमानाच्या आकारावरून अग्निशमन सेवेची कॅटेगरी ठरते. नववी कॅटेगरी, म्हणजे लांब पल्ल्याची मोठी विमानं, घेतली तर नियमातल्या एका प्रकारच्या फोमसाठी सगळ्या टेंडरमध्ये मिळून २४,३०० लिटर पाणी लागतं आणि मारा मिनिटाला ९,००० लिटर. म्हणजे पूर्ण जोरात सोडलं तर तीन मिनिटांच्या आत टाक्या कोरड्या. त्यामुळे वारा पाठीशी घ्यायचा, विमानाच्या अंगालगत फोम घालत जायचा, आणि पेटतं इंधन दारांकडे ढकललं जाणार नाही हे बघायचं. घसरपट्टीवरून माणसं उतरत असतील तर धार त्यांच्यावर जाता कामा नये. फ्लोरिनमुक्त फोम आल्यापासून तर हात आणखी हलका ठेवावा लागतो, कारण तो इंधनावर जुन्या फोमसारखा पातळ पापुद्रा धरत नाही. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अपघातात फोमने झाकलेली एक प्रवासी मुलगी अग्निशमन गाडीखाली आली. तेव्हापासून फोम पसरलेल्या जमिनीवर समोर माणूस चालवल्याशिवाय मी गाडी पुढे काढत नाही. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या ड्रायव्हरला सांगते आणि सांगत राहीन.

मध्ये काही काळ वॉच रूमची, म्हणजे स्टेशनातल्या फोन-रेडिओच्या खोलीची, ड्यूटी केली. लोक तिला कंटाळवाणी म्हणतात. मला तिथेच कॅटेगरीचं गणित खरं उमगलं. कॅटेगरी विमानाच्या लांबीवर आणि धडाच्या रुंदीवर ठरते: एअरबस ए-३२० सहावीत बसतं, थोडं लांब असलेलं ए-३२१ सातवीत. सातवीला दोन टेंडर लागतात. त्यातलं एक नादुरुस्त झालं आणि बदली गाडी नसेल तर कॅटेगरी उतरते, आणि ते टॉवरला लगेच कळवावं लागतं. आपल्या एका फोनवर कुठलं विमान उतरणार हे ठरू शकतं.

क्रू कमांडर ड्रायव्हरशेजारी बसतो. त्याचं काम बघणं, ठरवणं आणि बोलणं. माझी परीक्षा चालू असताना एका मोठ्या विमानाने टेकऑफ अर्धवट सोडला. डाव्या चाकांमधून धूर येत होता. ब्रेक तापलेले असताना चाकाच्या बाजूने जायचं नाही, पुढून किंवा मागूनच, कारण रिम फुटलं तर तुकडे आसाच्या दिशेने उडतात. पायलटने रेडिओवर विचारलं, "आग दिसते का?" शेजारचे परीक्षक साहेब गप्प. मी थर्मल कॅमेऱ्यातून पाहिलं, पुढच्या बाजूच्या जवानाकडून खात्री केली आणि सांगितलं, "धूर आहे, ज्वाला नाही. आम्ही लक्ष ठेवून आहोत." घाईने 'आग' म्हटलं असतं तर घसरपट्ट्या उघडल्या असत्या, आणि त्यावरून उतरताना हातपाय मोडणारी माणसं असतातच. प्रवाशांना बाहेर काढायचं की नाही हा निर्णय पायलटचा, पण बाहेरचे डोळे आमचे. जवानांना लांबच उभं केलं, होज भरून तयार ठेवली. धूर हळूहळू विरला आणि प्रवासी शिडीवरून उतरले. साहेबांनी नंतर एवढंच विचारलं, "टायर फुटला असता तर जवान कुठे असते?" उत्तर पटलं, तेव्हा सही झाली.

आता शिफ्ट इनचार्जची तयारी चालू आहे. त्यात आग कमी आणि माणसं जास्त: सुट्ट्या, प्रशिक्षणाच्या नोंदी, रुग्णालयं आणि शहराच्या अग्निशमन दलाशी ताळमेळ. संपूर्ण आपत्कालीन सराव जास्तीत जास्त दोन वर्षांच्या अंतराने घ्यावाच लागतो. येत्या सरावात बाहेरच्या रुग्णवाहिका कुठल्या फाटकावर थांबतील आणि धावपट्टीपर्यंत त्यांच्यापुढे कोणाची गाडी असेल, याचा आराखडा माझ्याकडे आहे. दोन फाटकं नक्की झाली, तिसऱ्याच्या किल्ल्या रात्रपाळीत कोणाकडे असतात ते उद्या बघायचं आहे.