सायथस: गच्चीवरच्या पेल्यांची पावसाळी नोंद

मंडळी, जूनअखेरीस शेणखताच्या कुंडीत ज्या करड्या, लवदार गोळ्या दिसल्या होत्या त्या सायथसच, म्हणजे इवल्या पेल्यांसारखी वाढणारी बुरशी, निघाल्या. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वरचा पांढरा पापुद्रा फाटला आणि पेले उघडले. तोंड जेमतेम ६ मिलिमीटर, उंची सेंटिमीटरभर. बाहेरून केसाळ, आतून गुळगुळीत आणि काळपट चकचकीत. तळाशी मोहरीएवढ्या, पण चपट्या काळ्या चकत्या, बीजाणूंनी भरलेल्या. आत उभ्या रेषा नाहीत, म्हणजे सायथसची स्ट्रायेटस ही जात नाही. शेणखतावर आल्यात म्हणून मी तूर्त स्टर्कोरियस धरून चालले आहे. बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली मोजले की पक्कं सांगेन.

या नावावर माझा फार जीव आहे. ग्रीकांचा ‘क्याथोस’ म्हणजे मोठ्या भांड्यातून मद्य काढून घ्यायची लांब दांड्याची पळी. आपल्या पंचपात्रातली पळी डोळ्यासमोर आणा. ती पळी या बुरशीच्या नावात आलीच, शिवाय मार्केन्शिया या यकृतकेच्या (ओल्या जागी जमिनीलगत पसरणाऱ्या शेवाळासारख्या वनस्पतीच्या) अंगावरच्या इवल्या कपांनाही जुन्या वनस्पतिशास्त्रात सायथस म्हणतात. बुरशी कुठे, यकृतका कुठे! पण दोघींनी पेला घडवला तो एकाच कामासाठी: पावसाचा थेंब झेलायचा आणि त्याच्याच जोरावर आतला ऐवज बाहेर उडवायचा.

आता प्रयोग. जुलैचा आपला पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे, दिवसभर भुरभुर. सलग ४ दिवस भिजूनही एका पेल्यातली एक चकती हलली नाही. भुरभुरीचा थेंब अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, त्यात दम कुठला? मग जिन्यावरच्या कठड्यावरून, साधारण अडीच मीटरवरून, ड्रॉपरने टपोरे थेंब सोडले. खाली पांढरा कार्डशीट अंथरला होता. बहुतेक थेंब पेला चुकले, काही काठावर आपटले. नेमका आत पडला की मात्र टप्प आवाज आणि कागदावर काळा ठिपका. सगळ्यात लांबचा ७० सेंटिमीटरवर. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला ८-९ मीटर वेगाने येतो. अडीच मीटरवरून पडणारा ७ च्या आतच राहतो. त्यामुळे खऱ्या सरीत ही चकती मीटरभर जात असणार, यात मला नवल वाटत नाही. पेल्याच्या भिंती किंचित बाहेर कललेल्या असतात, त्यामुळे पाणी तळाशी आपटून भिंतीलगत वर उसळतं आणि चकतीला सोबत घेऊन जातं.

मार्केन्शिया नर्सरीतून आणलेल्या नेच्याच्या कुंडीत आपोआप आली आहे. तिचे कप दातेरी काठाचे आणि पूर्ण गोल आहेत, चंद्रकोरीसारखे नाहीत, म्हणून ल्युन्युलारिया ही दुसरी यकृतका नव्हे. आतल्या हिरव्या टिकल्या ड्रॉपरच्या पहिल्याच थेंबाला उडाल्या. कुंडीच्या ओल्या काठावर पडलेल्या टिकल्यांनी ९ दिवसांत मुळांसारखे धागे धरले. बीजाणूंची भानगड नाही, प्रत्येक टिकली म्हणजे आईचीच हुबेहूब प्रत.

पण या हंगामाची खरी कमाई ऑगस्टअखेरची. गणपतीसाठी शेजारच्या कुंडीतल्या दुर्वा खुडताना सासूबाई म्हणाल्या, “अगं, या दुर्वांना काळं काय चिकटलंय बघ.” भिंग घेऊन धावले. पात्याच्या मध्यावर सायथसची चकती, आणि तिच्यापासून निघालेला केसाहून बारीक धागा पात्याला दोन वेढे घालून घट्ट बसलेला! पुस्तकात शंभरदा वाचलं होतं: चकतीखाली एक पिशवी असते, तिच्यात धागा गुंडाळून ठेवलेला असतो, थेंबाच्या दणक्याने पिशवी फाटते, चिकट टोक वाटेत गवताला धरतं आणि उडणारी चकती त्याच्याभोवती गरकन फिरते. ते माझ्या दुर्वेवर घडलेलं पाहून अंगावर काटा आला. गाय ते गवत खाते, बीजाणू तिच्या पोटातून सुखरूप शेणात उतरतात आणि नवे पेले तिथेच उगवतात.

सासूबाईंनी ती एक जुडी माझ्यासाठी बाजूला ठेवली. पातं कागदी पाकिटात सुकवून तारीख घातली आहे. उरलेल्या ५ चकत्या ताज्या शेणाच्या वाडग्यात ठेवून वर काच झाकली आहे. आज अकरावा दिवस, शेणाच्या कडेला पांढरी बुरशीची जाळी दिसू लागली आहे. ती सायथसचीच की दुसऱ्या कुणाची, हे पेले आले तरच कळेल.