तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यात भारी ट्यूब अ‍ॅम्प कुठला?

"काका, जास्त समजावू नका, फक्त नाव सांगा." हा प्रश्न मला सतत येतो. विचारणारा कधी इंजिनिअरिंगच्या होस्टेलवरचा पोरगा असतो, कधी ऑर्केस्ट्रातला जुना सोबती, कधी मुलाला दहावीचं बक्षीस घ्यायला निघालेले वडील. मी नागपुरात गिटार वाजवतो आणि तिचा आवाज मोठा करणारे अ‍ॅम्प दुरुस्त करतो, तेव्हा एक नाव माझ्या जिभेवर तयारच असणार अशी सगळ्यांची समजूत. मी उलट विचारतो: वाजवणार कुठे, आणि तिथे किती मोठ्याने वाजवू देतील? समोरच्याचा चेहरा पडतो. काका टाळून राहिले, असं त्याला वाटतं. पण ट्यूब अ‍ॅम्प घेताना पहिला प्रश्न हाच असतो. का, ते एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

गिटारच्या पिकअपमधून (तारांची थरथर पकडणाऱ्या चुंबकी पट्टीतून) येणारा सिग्नल अगदी दुबळा असतो. तो आधी छोट्या व्हॉल्व्हमधून, म्हणजे काचेच्या ट्यूबमधून, जातो. बहुतेक अ‍ॅम्पमध्ये तो ईसीसी८३ असतो, अमेरिकन लोक त्यालाच १२एएक्स७ म्हणतात. तिथून मोठ्या पॉवर व्हॉल्व्हमध्ये, मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर, मग स्पीकर. आवाज लहान असेपर्यंत व्हॉल्व्ह इमानेइतबारे काम करतो, आलं तेच मोठं करून पुढे देतो. आवाज वाढवत नेला की एका टप्प्यावर त्याची ताकद संपते. ट्रान्झिस्टरची संपते तेव्हा लाटेचा माथा एकदम छाटला जातो आणि ते कानाला टोचतं. व्हॉल्व्हमध्ये माथा आधी गोलावतो, मग सावकाश चपटा होतो. त्यात मूळ सुराबरोबर वरच्या सप्तकातला तोच सूर, त्याच्यावरचा पंचम असं काय काय मिसळत जातं आणि आवाज भरून येतो.

दुसरी गंमत वीजपुरवठ्याची. जुन्या अ‍ॅम्पमध्ये एसीचं डीसी करायलासुद्धा व्हॉल्व्हच असायचा. जोरात कॉर्ड (अनेक तारांचे सूर एकत्र) मारली की आतलं व्होल्टेज क्षणभर बसतं आणि लगेच सावरतं. घरात टिल्लू पंप सुरू झाला की बल्ब जसा क्षणभर मंद होतो, अगदी तसं. त्यामुळे सुराचा पहिला ठोका दबतो आणि मागचा सूर फुगून वर येतो. बोटांना ते कळतं. वाजवणारा "अ‍ॅम्प हाताला लागतो" म्हणतो ते याच्यामुळे.

थोडक्यात, रेकॉर्डवर ऐकून तुम्ही ज्या आवाजाच्या प्रेमात पडलात तो बहुतेक वेळा दमलेल्या अ‍ॅम्पचा आवाज आहे. आणि अ‍ॅम्प दमवायचा तर आवाज वाढवावा लागतो. मोठमोठ्या नावांमधला खरा फरक कोण कुठे दमतो आणि कसा दमतो, यात आहे.

फेंडरपासून सुरू करतो, कारण लिओ फेंडर आमच्या जातकुळीतला. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याचे साठच्या दशकातले काळ्या पॅनेलचे अ‍ॅम्प म्हणजे डिलक्स रिव्हर्ब आणि ट्विन रिव्हर्ब, दोन्ही १९६३ पासूनचे. खर्ज घट्ट, टीप चमकदार, मधला भाग मुद्दाम मागे ठेवलेला, आणि त्यावर स्प्रिंगच्या रिव्हर्बची, म्हणजे घुमण्याची, ओल. ट्विनमध्ये चार ६एल६ पॉवर व्हॉल्व्ह आणि ८५ वॉट. तो दमतच नाही. म्हणजे दमतो, पण तोवर हॉल रिकामा झालेला असतो. फंक, जाझ किंवा पुढे पेडल (आवाज बदलणारी, पायाने चालवायची पेटी) लावून वाजवणाऱ्यांना तो म्हणूनच आवडतो. डिलक्समध्ये दोन ६व्ही६ आणि २२ वॉट. व्हॉल्यूम निम्म्याच्या आसपास गेला की हा थोडा घोगरा होतो, हात हलका केला की परत स्वच्छ. माझा जीव याच्यावर आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही सावध राहाल.

त्याआधीचा फेंडरचा टि्‌वड कापडातला बासमन. पन्नासच्या दशकाच्या अखेरचा, दहा इंची चार स्पीकरवाला. बनवला बेस गिटारसाठी, पळवला गिटारवाल्यांनी. आणि त्यातूनच मार्शल जन्माला आला. जिम मार्शल ड्रम शिकवायचा, लंडनच्या हॅनवेल भागात त्याचं दुकान होतं. गिटारवाली गिऱ्हाइकं मोठा आवाज मागू लागली तेव्हा, १९६२ मध्ये, त्याच्याकडच्या केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी बासमनचं सर्किट समोर ठेवून जेटीएम४५ बांधला. सर्किट जवळजवळ तेच. पण पहिल्या जागेवर जास्त गेनचा, म्हणजे सिग्नल जास्त वाढवणारा, ईसीसी८३ बसवला, ट्रान्सफॉर्मर इंग्लंडमधले घेतले, आणि बासमनच्या उघड्या पाठीच्या पेटीऐवजी मागून बंद पेटीत सेलेशनचे बारा इंची चार स्पीकर लावले. एवढ्याने आवाजाचा रोख बदलला. मधला भाग पुढे आला, दम लवकर लागू लागला. पुढे पॉवर व्हॉल्व्हच्या जागी ईएल३४ आले आणि गुरगुरणारा, कडेला कुरकुरीत असा जो रॉकचा आवाज सगळं जग ओळखतं, तो तयार झाला. द हू बँडच्या पीट टाउनशेंडसारख्यांना तेवढंही पुरेना, म्हणून १०० वॉटचा अ‍ॅम्प आला.

एक पोरगा मध्यंतरी घाईघाईने आला. म्हणे, "काका, १९५९ सालचा मार्शल मिळून राहिला, अ‍ॅडव्हान्स देऊन टाकू का?" १९५९ मध्ये मार्शलने एकही अ‍ॅम्प बनवला नव्हता. १९५९ हा मॉडेलचा नंबर आहे, १०० वॉटच्या सुपर लीडचा. तसाच १९६२ हाही मॉडेल नंबरच. एरिक क्लॅप्टनने १९६६ मध्ये ब्लूजवाल्या जॉन मेयॉलबरोबर रेकॉर्डिंग केलं तो कॉम्बो, म्हणजे एकाच पेटीत स्पीकरही असलेला. आता यात योगायोगाने १९६२ हे कंपनीच्या पहिल्या अ‍ॅम्पचंही साल, त्यामुळे विकणाऱ्यांचं आणखीच फावतं. जाहिरातीत आकडा दिसला की तो साल आहे की नंबर, हे आधी विचारा.

तिसरा व्हॉक्सचा एसी३०. टॉम जेनिंग्जची कंपनी, डिक डेनीचं डिझाइन. आधी १५ वॉटचा एसी१५ होता, स्टेजवर तो पुरेना म्हणून १९५९-६० च्या सुमारास त्याची ताकद दुप्पट केली. यात चार ईएल८४ असतात. आपल्या आजोबांच्या काळातल्या कित्येक रेडिओंमध्येही हाच व्हॉल्व्ह असायचा. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा रेडिओचे व्हॉल्व्ह बनवत असे आणि आजही एखाद्या जुन्या पेटाऱ्यात बीईएल छापलेला व्हॉल्व्ह सापडला की मी तो आधी टेस्टरवर लावून बघतो. एसी३० मध्ये पॉवर स्टेजभोवती निगेटिव्ह फीडबॅक नाही, म्हणजे आवाजाला लगाम घालणारी वाट मुळात ठेवलेलीच नाही. त्यामुळे दमण्याचा टप्पा कुठे सुरू झाला ते कळतच नाही; हात जड तसा आवाज फाटत जातो. टीप खणखणीत, कॉर्डमधला प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतो. बीटल्स, शॅडोज, पुढे क्वीनचा ब्रायन मे. मे तर पुढे ट्रेबल बूस्टर (टीप वाढवणारी छोटी पेटी) लावून अ‍ॅम्प पूर्ण उघडा ठेवतो आणि स्वच्छ आवाज हवा असेल तेव्हा गिटारचा व्हॉल्यूम खाली घेतो.

पण एसी३० नागपूरला मानवत नाही, हे माझं ठाम मत आहे. ईएल८४ ची प्लेट (आतला धातूचा पत्रा) १२ वॉटपर्यंत उष्णता सोसते आणि एसी३० तिला पहिल्यापासून त्या हद्दीवर, कधी हद्दीच्या पलीकडेच चालवतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, हॉलमधला कूलर दमट हवा फेकतोय, आणि अ‍ॅम्प भिंतीला चिकटवून ठेवलेला. अशा वेळी मागून डोकावून बघा. काचेच्या आतली करडी प्लेट मधोमध मंद लाल दिसू लागली तर ताबडतोब बंद करा, तो व्हॉल्व्ह तरी जाणार किंवा ट्रान्सफॉर्मर घेऊन जाणार. काचेलगत निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. काचेवर आतून चंदेरी डाग असतो, तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे. तो व्हॉल्व्ह कचऱ्यात. शिवाय एसी३० तीस किलोच्या पुढे. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने हेही धरावं.

बाकीची नावं झटपट उरकतो. हायवॅट म्हणजे पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरचा अ‍ॅम्प, दणकट आणि फार स्वच्छ, दमायला नाखूश. मेसा बूगीची सुरुवात रँडल स्मिथने छोट्या फेंडरमध्ये गेनच्या पायऱ्या वाढवून केली. कार्लोस सान्तानाचा तो लांबलचक टिकणारा सूर त्यातलाच. आणि डम्बल. अलेक्झांडर डम्बल २०२२ मध्ये गेला. त्याचे अ‍ॅम्प मोजकेच आहेत आणि त्यांच्या किमतीत इथे घर होईल. मी वाजवलेला नाही, तुम्हीही वाजवणार नाही, पुढे चला.

आता वॉटचं बोलू. ८५ वॉटचा ट्विन २२ वॉटच्या डिलक्सपेक्षा चौपट मोठा वाजेल असं वाटतं ना? फरक जेमतेम ६ डेसिबलचा. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे वॉट दहापट. याची उलटी बाजू लोक विसरतात: ३० चा सोडून १५ चा घेतला तर आवाज फक्त ३ डेसिबल उतरतो. त्रिमूर्तीनगरच्या फ्लॅटमध्ये १५ वॉटसुद्धा खूप झाले. ५ वॉटचा, एकाच ६व्ही६ वर चालणारा फेंडर चॅम्पच्या जातीचा अ‍ॅम्प पूर्ण उघडलात तरी शेजारच्या काकू बेल वाजवायला येतीलच. मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा आवाज वेगळा कमी करणारी खुंटी) असला की छोटे व्हॉल्व्ह कमी आवाजात दमवता येतात, पण पॉवर व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर तिघंही झोपलेलेच राहतात. म्हणून तो आवाज थोडा पातळ, थोडा गुणगुणता लागतो. मध्ये अ‍ॅटेन्युएटर (स्पीकरआधी आवाज उतरवणारं यंत्र) लावणं हा मार्ग चांगला, फक्त स्वस्तातला घेऊ नका. आणि काहीही झालं तरी स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प चालू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला तर त्या जोडीचा नवा नागपूरच्या बर्डी बाजारात मिळत नाही.

अमेरिकेहून मामा-आत्यांनी आणलेल्या अ‍ॅम्पचं वेगळंच. तो १२० व्होल्टचा. आपल्या २३० वर लावला आणि नशीब असेल तर नुसता फ्यूज उडतो. एका घरी तो उडाला, मग कुणीतरी हुशारीने फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली. पुढचं मी उघडून बघितलं तेव्हा फिल्टर कपॅसिटरची (वीज साठवून सपाट करणाऱ्या डब्यांची) टोपणं उडालेली होती आणि आत सगळीकडे कागदाचा लगदा. स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर (२३० चे १२० करणारा) घ्या, आणि त्याचा आकार अ‍ॅम्पच्या ऑडिओ वॉटवरून ठरवू नका, मागच्या पाटीवरून ठरवा. २२ वॉटचा अ‍ॅम्प भिंतीतून शंभरच्या आसपास वॉट आरामात ओढतो. त्यात तिकडची वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५०, त्यामुळे ६० साठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर इथे जरा जास्तच तापतो. मोठाच घ्या. आणि पेचकस घेऊन स्वतः आत शिरू नका. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर चारशे व्होल्ट धरून बसलेले असू शकतात.

"मग काका, मॉडेलरच घेऊ का?" म्हणजे ट्यूबच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं यंत्र. घ्या की. गणपतीच्या मंडपात मी स्वतः मॉडेलरच नेतो. तिथे साउंडवाला गिटार थेट मिक्सरमध्ये घेणार, जनरेटरचं व्होल्टेज वरखाली होणार, मध्येच पाऊस येणार; त्यात ट्यूब अ‍ॅम्प भिजवायचा कशाला? रेकॉर्डिंगमध्येही हल्ली डोळे मिटून फरक ओळखणं अवघड झालंय. खोलीत अ‍ॅम्पसमोर उभं राहून वाजवताना मात्र मला अजून फरक जाणवतो, आणि ट्यूब अ‍ॅम्प घ्यायचा तर त्याच एका सुखासाठी घ्यावा.

तरीही नावंच हवीत, तर घ्या. घरी आणि छोट्या हॉलमध्ये वाजवणार असाल तर फेंडर ब्लूज ज्युनियर किंवा व्हॉक्स एसी१५. दोन्ही १५ वॉटचे, दोन्हींत ईएल८४ ची जोडी, तरी ज्युनियर गोलसर आणि व्हॉक्स टोकदार. रॉकच वाजवायचं असेल तर मार्शलचा डीएसएल२०, त्यात अर्ध्या ताकदीचं बटणही आहे. पैसे असतील आणि वरच्या मजल्यावरचे लोक समजूतदार असतील तर डिलक्स रिव्हर्ब. बघायला जाल तेव्हा आपली गिटार न्या. अ‍ॅम्प वीसेक मिनिटं तापू द्या. मग तुम्ही घरी ठेवाल तेवढ्याच आवाजावर वाजवा, दुकानदार लावून देईल त्यावर नाही. गिटारचा व्हॉल्यूम तीनवर आणा, परत दहावर न्या. एका बांबूच्या काडीने प्रत्येक व्हॉल्व्हवर हलकेच टिचकी मारा; एखादा स्पीकरमधून घंटेसारखा वाजला तर तो बदलून मागा. आणि पैसे देण्याआधी मागच्या पाटीवर २३० लिहिलंय का, ते वाचा.