एसीएलचं ऑपरेशन : ग्राफ्ट आणि सर्जन ठरवताना

मी कबड्डीत डावा कोपरा खेळतो. चढाईपटूचा घोटा धरताना गुडघा पिरगळला आणि एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारं आतलं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं निघालं. घोडं अडलं ते पुढे, पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात. त्याचा राग अजून गेलेला नाही.

सकाळी नंबर लावला, आत बोलावलं दुपार उलटल्यावर. डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, "ऑपरेशन लागेल, बाहेर मॅडम समजावतील." मी विचारलं, "सर, ग्राफ्ट कुठून घेणार?" "ते आमच्यावर सोडा." ग्राफ्ट म्हणजे तुटलेल्या एसीएलच्या जागी बसवायचा टेंडन, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी.

मॅडमनी पॅकेजचा कागद पुढे केला. खोलीचं भाडं, भूल, इम्प्लांट (ग्राफ्ट हाडात पक्का धरणारे स्क्रू वगैरे), सगळ्यांपुढे रकमा. ग्राफ्टचा उल्लेख कुठेच नाही. "ऑपरेशन सर स्वतः करणार ना?" "टीम असते आमची." मग ग्राफ्ट तेवढा लिहून द्या म्हटलं, तर आत पाठवलं. आतून परत बाहेर. शेवटी उत्तर मिळालं, "अ‍ॅडव्हान्स भरा, मग सर बोलतील." माझ्याच पायातला टेंडन काढणार आणि कुठला ते मला पैसे भरल्यावर कळणार! मी फाइल उचलली आणि निघालो.

हा प्रश्न फालतू नाही. वाटीखालचा टेंडन दोन्ही टोकांच्या हाडासकट घेतात, त्याला बीटीबी म्हणतात. हाडाला हाड लवकर धरतं, म्हणून तो पक्का. पण नंतर गुडघा टेकताना पुढून दुखू शकतं, आणि कोपरा पकड करताना गुडघ्यावरच पडतो. मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगमध्ये तो त्रास कमी. मात्र पाय मागे ओढायची ताकद यायला वेळ लागतो, आणि ग्राफ्ट ८ मिमीपेक्षा बारीक निघाला तर पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो.

मग मी मिरजेच्या एका सर्जनकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, "खेळतोस काय? कुठल्या जागेवर?" मग कागदावर गुडघा काढून दाखवला. हॅमस्ट्रिंग चार पदरी करू, बारीक निघाला तर वाटीवरचा क्वाड्रिसेप्स घेऊ, असं ठरलं आणि संमतीपत्रात दोन्ही लिहिलं. महिन्याला अशी किती ऑपरेशनं करता, किती जणांचा ग्राफ्ट पुन्हा तुटला, हेही मी विचारलं. ते चिडले नाहीत. तुम्हीही बिनधास्त विचारा. जो सर्जन यावर चिडतो, त्याच्या हाती गुडघा देऊ नका.

आरोग्य विम्यातून कॅशलेस करणार असाल तर पहिल्याच केसपेपरवर दुखापत कशी झाली आणि तारीख लिहून घ्या. बऱ्याच पॉलिसींत अशा ऑपरेशनला दोन वर्षं थांबावं लागतं, अपघाताला ती अट नसते. इम्प्लांटचे स्टिकर फाइलला लावून घ्या.

आणि हो, ऑपरेशनआधी सूज उतरवून गुडघा पूर्ण सरळ होईपर्यंत व्यायाम करा. नंतर दोन-तीन महिन्यांत पाय बरा वाटतो, पण ग्राफ्ट तेव्हाच कच्चा असतो. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरू नका, मग संघातली पोरं कितीही फोन करोत.