थांबून बोलणारे आप्पा

आप्पांबरोबर संध्याकाळी फिरायला निघालं की सोलापुरातलं नवी पेठ ते पार्क चौक हे दहा मिनिटांचं अंतर अर्ध्या तासाचं होतं. त्यांची चाल मंद आहे म्हणावं तर तसंही नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही पाय बरे पडतात. फक्त बोलायचं झालं की ते थांबतात.

"आप्पा, लाइट बिल भरलं का?"

आप्पा उभे. काठी टेकवणार, माझ्याकडे वळणार, मग "भरलं की परवाच." एवढं झालं की पुन्हा पाय सुरू. तोवर मी चार पावलं पुढं गेलेलो असतो, तेवढीच मागं येतो. कुणी ओळखीचं भेटलं तर विचारूच नका. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत असतो आणि आप्पा रस्त्याच्या कडेला उभं राहून एखाद्या सोयरिकीची मुळं उकरत असतात. मला वाटायचं, ऐट आहे ही. ४० वर्षं चादरीच्या पेढीवर मुनीम होते, समोरचा माणूस उभा राहून ऐकतो याची सवय झालीय. एकदा वैतागून म्हणालोही, "चालता चालता बोला की!" त्यावर ते थांबले आणि म्हणाले, "चालायलोय की."

मार्चमध्ये न्हाणीच्या उंबऱ्यावर ते अडखळले. लागलं नाही, पण आईनं धोशा लावला म्हणून दोघांनाही फिजिओथेरपिस्टकडं घेऊन गेलो. तिथल्या पोरीनं आप्पांना खुर्चीवरून उठवलं, ३ मीटर चालायला लावलं, वळून परत येऊन बसायला सांगितलं. घड्याळ लावून. छान जमलं. मग म्हणाली, "काका, आता तेच करायचं, पण १०० मधून ७-७ वजा करत."

आप्पांचा चेहरा फुलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या खात्यातलं काम दिलं होतं. उठले. "९३." दोन पावलं. "८६." एक पाऊल. "७९." आणि खोलीच्या मधोमध उभे. तिथूनच ७२, ६५, ५८, ५१, खडाखड. हिशेब चोख, पाय बंद.

मग आईची पाळी. ती उठली, ९३ म्हणाली, मग ८५, मग "८० असू दे", आणि तरातरा जाऊन परत खुर्चीत बसली. आप्पांना हसू आवरेना. पण फिजिओ खूश झाली ती आईवर. म्हणाली, दोन्ही जमेनासं झालं तर गणित सोडायचं आणि तोल धरायचा, काकूंनी बरोबर तेच केलं. धोका असतो तो गणित न सोडता चालत राहणाऱ्याला. मग काकांचं काय? तर थांबणं हाही तोल धरण्याचाच मार्ग, पण तेवढ्यासाठी थांबावं लागतंय हे ध्यानात ठेवा, म्हणाली.

मी घरी येऊन वाचत बसलो. १९९७ मध्ये स्वीडनच्या काही संशोधकांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक साधी गोष्ट छापली होती. वृद्धांच्या निवासातल्या ५८ जणांबरोबर चालता चालता गप्पा मारायच्या आणि कोण थांबतं ते बघायचं. १२ जण थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्यातले १० पडले. न थांबलेल्या ४६ पैकीही ११ जण पडलेच, तेव्हा न थांबणाऱ्यानं फुशारकी मारायचं कारण नाही. पण १२ पैकी १० हा आकडा वाचून मी आप्पांच्या खोलीतलं पायपुसणं त्याच रात्री उचललं.

चालणं म्हणजे पायांचं काम, डोक्याला त्यात काय, असंच मी धरून चाललो होतो. तरुणपणी ते बरंचसं खरंही असतं. चालण्याचं काम खालच्या खाली उरकतं, वर बातमी जात नाही. वय वाढलं की डोळे, कानाच्या आतलं तोलाचं यंत्र आणि तळपायाची जाणीव या तिघांकडून येणारी खबर पुसट होते. आप्पांना त्यात साखर, म्हणजे तळपाय आधीच अर्धे बधिर. मग प्रत्येक पावलाची नोंद कपाळामागच्या मेंदूला जातीनं घालावी लागते. आणि लक्ष देणारा मुनीम तिथं एकच. रोजकीर्द लिहिताना त्याच्यापुढं कुणी खतावणी सरकवली की एक वही मिटावीच लागते. म्हणून बोलताना चाल मंदावते, पावलं कमीजास्त पडायला लागतात.

हे आपल्याला सोलापुरात खरं तर ठाऊक असायला हवं होतं. गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला, सात नंदीध्वज निघतात, ६८ लिंगांना जातात. पांढऱ्या बाराबंदीतला माणूस तो उंच ध्वज पेलत चाललेला असतो. अवतीभवती हर्र बोला हर्रचा गजर, पण त्याला कुणी "काय, घरी बरंय ना सगळं?" असं विचारत नाही. आणि तो तरणाबांड, आधी सराव केलेला. आप्पा रोज स्वतःचाच ध्वज पेलत चाललेत आणि मी मधेच लाइट बिल काढतोय.

सध्या फिजिओनं सांगितल्याप्रमाणं घरातच, भिंतीजवळ, मी शेजारी उभा राहून त्यांचा सराव घेतो. चालता चालता भाज्यांची नावं सांगायची. आप्पा वांग्यापाशी थांबतात, कारण वांग्याबद्दल त्यांना नेहमीच काहीतरी जास्त सांगायचं असतं. रस्ता ओलांडताना मी तोंड मिटून घेतो. पलीकडच्या कट्ट्यावर बसलो की मग सोयरिकी.

परवा म्हटलं, आपणही बघावं. मी बावन्न वर्षांचा. गॅलरीत टाचेला बोट लावत एका रेषेत निघालो. ९३, ८६, ७९, ७२. ६५ ला वाळत घातलेली चादर धरली.

"काय करायलास रे?" आतनं आईचा आवाज.

मी थांबलो आणि म्हणालो, "काही नाही, चालायलोय."